सतरा नंबरवर कोणी नाही

[ चित्र आहे, आवाज नाही ]

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याच्यासमोरच उभी होते. आणि तरीही आमची भेट झालेली नव्हती.

थांबा, नीट सांगते—

जयपुरातल्या एका सरकारी इमारतीच्या तळघरात एक खोली आहे. खिडकी नसलेली. भिंतभर स्क्रीन, आणि प्रत्येक स्क्रीनवर इमारतीचा एकेक तुकडा : मुख्य दार, लिफ्ट, जिने, फायलींच्या कपाटांनी अरुंद झालेले व्हरांडे. त्या कंट्रोल रूमची मी सुपरवायझर. मयूरी तायडे. निळा शर्ट, घट्ट अंबाडा, कमरेला वॉकीटॉकी. माझ्या हाताखाली स्क्रीनवर बसणारा योगेश, आणि दारं सांभाळणारे उमाकांतजी व त्यांचे गार्ड. काम सोपं. दिवसभर बघत राहायचं… काही घडू नये म्हणून.

मे महिना होता, भर दुपार. योगेश कागदावर कचोरी कुस्करत होता. आणि सतरा नंबरचा स्क्रीन उजळला.

सतरा म्हणजे पूर्व विंग, चौथा मजला. ती विंग दुरुस्तीसाठी केव्हाची बंद. मी नोकरीला लागल्यापासून तो स्क्रीन काळाच. आता त्यात एक लांब व्हरांडा होता, हळदीच्या पाण्यासारख्या उजेडात. टोकाला खिडकी. खिडकीपाशी एक माणूस, कॅमेऱ्याकडे पाठ केलेला, खांद्यावर वायरचं भेंडोळं. त्याने डावा हात डोक्यावरून वळवून उजवा कान खाजवला. उजवा हात रिकामा असताना.

त्याच्यासमोर मी.

मीच. निळा शर्ट. अंबाडा मात्र सुटलेला.

तो : . . . .

मी : . . . .

तो : . . . . ?

मी : . आ . ते.

पहिल्या अक्षराला माझं तोंड मोठं उघडलं, दुसऱ्याला दात दिसले. आ… ते.

जाते.

त्याची मान खाली गेली. मग स्क्रीनभर धूळ. नुसती धूळ. ती विरली तेव्हा तो एकटा होता. मी नव्हते. तो वेड्यासारखा इकडेतिकडे पाहत राहिला, मग चित्राच्या खालच्या कडेकडे आला आणि बुडाल्यासारखा नाहीसा झाला. रिकामा व्हरांडा. मग काळं.

"योगेश, सत्रह देखा?"

"सत्रह? वो तो मरा पड़ा है, मॅडमजी." त्याने चटणीचं बोट चाटलं. "आप ठीक हो? एसी बढ़ा दूँ?"

मी रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहिलं. काहीच नव्हतं. मी हात मागे नेला. अंबाडा जिथल्या तिथे होता, घट्ट.


[ इथे कॅमेरा नाही : खातीपुरा ]

खातीपुऱ्यातल्या आमच्या घरात 'जाते' हा शब्द निघताना कोणी उच्चारत नाही. तुमच्याही नसेल. पण मी हिंदी शाळेत वाढलेली पोरगी. लहानपणी दारातून "बाबा, जाते!" असं ओरडले की बाबा ताटावरून उठून यायचे.

"जाते नाही म्हणू, पोरी. येते म्हणावं. माणसानं निघतानाच परत यायचं कबूल करावं."

बाबा म्हणजे भीमराव तायडे, रेल्वेतून निवृत्त. अकोल्याचे. जयपुरात उभा जन्म गेला, पण बोली तसूभर हलली नाही. त्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "मी अन् तुही माय जूनमधी अकोल्याले चाललो. घर बांधून तयार हाये. तू येतं का नाही, थे सांग."

माझ्या सिक्युरिटी एजन्सीचं अकोल्यातही काम होतं. बदली मिळत होती. महिनाअखेरीस फक्त हो म्हणायचं होतं. आणि जयपुरात मला धरून ठेवणारं होतं तरी काय? खिडकी नसलेली एक खोली.

"विचार करते, बाबा."

बाहेर रेल्वेच्या रुळांकडून मोर ओरडला. खातीपुऱ्यात मोरांना तोटा नाही. पण त्या संध्याकाळी तो कोणाचं तरी नाव घेऊन ओरडल्यासारखा वाटला.


[ मुख्य दार ]

काही दिवसांनी सकाळीच वॉकीटॉकी खरखरला.

"मॅडमजी, गेट पे कोई हज़ार-बुद्धू आए हैं. कैमरे वाले."

"कौन आए हैं, उमाकांतजी?"

"सह… सहस… बुद्धे." उमाकांतजी ओळखपत्र डोळ्यांजवळ नेऊन अक्षरं लावत होते, मला स्क्रीनवर दिसत होतं. "महाराष्ट्र के हैं. आपके वाले."

त्यांच्यासमोर एक उंचेला माणूस, पाठमोरा. खांद्यावर वायरचं भेंडोळं. वाट बघून कंटाळला असावा. त्याने डावा हात उचलला, डोक्यावरून वळवला—

चहा माझ्या हातावर सांडला. भाजल्याचं कळायला बराच वेळ लागला.

कंट्रोल रूमच्या दारात उभा राहून तो आधी हिंदीत बोलला : निनाद सहस्रबुद्धे, सगळे जुने कॅमेरे बदलायला आलोय. मग माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचली आणि एकेक शब्द चाचपत मराठीत उतरला.

"तुम्ही मराठी! माझी मराठी जरा… कच्चा आहे."

"कच्ची."

"तेच. कच्ची. बघा, आल्या-आल्या फायदा झाली."

"झाला."

तो हसला. डोळे मिटून हसायचा तो… एखादी गोष्ट चवीने खाल्ल्यासारखा. मी हसले नाही. मी त्या भेंडोळ्याकडे बघत होते.

"आपण आधी भेटलोय? तुम्ही असं बघताय, मतलब… जसं मी काही चोरलंय."

"अजून नाही," मी म्हटलं.


[ कंट्रोल रूम ]

त्याचं बालपण जयपुरातल्याच मालवीय नगरचं. वडील विमा कंपनीत, आई मधुमती, घरात मराठी फक्त रागावण्यापुरती. "म्हणून मला सगळे रागाचे शब्द येतात," तो म्हणायचा. "प्रेमाचे तू शिकव."

हो, तू. 'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, ते कोणत्याच कॅमेऱ्यात सापडलं नाही.

एकदा मी नव्या गार्डना शिकवत होते. प्रत्येक कॅमेऱ्याच्या बरोबर पायाशी थोडी जागा असते, जी त्याला दिसतच नाही. ब्लाइंड स्पॉट. भिंतीला टेकून कॅमेऱ्याखाली उभं राहिलं की माणूस गायब. चोराला हे ठाऊक असतं, म्हणून तुम्हालाही हवं. हे सगळं मी हिंदीत सांगितलं. शिडीवरून मराठीत प्रश्न आला—

"आणि प्रेमात पडलेल्यांना?"

"त्यांना चोरांत धरा," मी वर न बघता म्हटलं.

गार्डना काही कळलं नाही. योगेशला मात्र भाषा न कळता सगळं कळलं. तो कचोरीच्या कागदामागे तोंड लपवून बसला.

काम संपवून निनाद दारातून म्हणाला, "चल, जातो."

माझ्या हातातलं पेन पडलं.

"जातो नाही म्हणायचं."

"का? जातोय तर."

"येतो म्हणायचं."

"जाताना येतो? हे खोटं नाही का?"

"खोटं नाही. कबुली आहे. परत येणार याची."

तो दारातच वळला. "येतो," म्हणाला, अगदी शहाण्या मुलासारखा, आणि गेला. दार बंद झालं. दार लगेच उघडलं.

"आलो. कबूल केलं होतं ना."

मी हसले. त्याच वेळी, त्याच्या खांद्यामागे, भिंतीवर—

सतरा नंबर उजळला. व्हरांड्यात कोणी नव्हतं. फक्त टोकाची खिडकी वाऱ्याने उघडत होती, मिटत होती. मोठी उघडायची, मग जराशी. आ… ते. आ… ते. तो मागे वळेपर्यंत काळं.

असं मग वारंवार व्हायला लागलं. तो जवळ येऊन बोलला की सतरा जागा व्हायचा. जणू वरून कोणी तरी आमच्यावर लक्ष ठेवून होतं, जसं मी सगळ्या इमारतीवर ठेवते. उमाकांतजींना विचारलं, तर त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "उस विंग का मत पूछिए मॅडमजी. खिड़की की चिटकनी मैं खुद लगाकर आता हूँ. फिर भी खुली मिलती है."

निनाद एकदा वर जाऊन आला. कपडे धुळीने माखलेले.

"माकडांनी वायर कुरतडलीये. टोक हवेत लोंबतंय. त्या कॅमेऱ्यात काही दिसूच शकत नाही, मयूरी."

"पुन्हा वर जाऊ नकोस."

"का?"

"सुपरवायझर मी आहे का तू?"


[ इथे कॅमेरा नाही : कढी-कचोरीची गाडी ]

शेवटी सांगितलं. रस्त्यावर, भर उन्हात, दोघांच्या हातात कढी-कचोरीचे द्रोण.

"मी तुला आधी पाहिलंय. तू यायच्या आधी. सतरावर. तू आणि मी."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. चमचा द्रोणात ठेवून दिला.

"मी काय म्हणत होतो?"

"आवाज नव्हता."

"छे. सरकारी कॅमेरे." आणि मग, हलकेच, "आणि तू? तू काय म्हणालीस?"

कढी तिखट होती, बरं झालं. डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं.

"दिसलं नाही नीट."

पहिलं खोटं. दुसरं तर त्याहून मोठं— अकोल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला वाटत होतं, नाही सांगितलं तर ते चित्र खरं होणार नाही. त्या व्हरांड्यात जायची वेळ येणार नाही, तो शब्द माझ्या तोंडून निघणार नाही, आणि हा माणूस त्या धुळीत एकटा उभा राहणार नाही. बुडणार नाही. मी घरी बाबांना टाळत होते, इथे त्याला. नुसती बघत बसले होते. काही घडू नये म्हणून.


[ सगळे कॅमेरे, एकामागून एक ]

महिनाअखेर आली. एजन्सीला त्या दिवशी उत्तर द्यायचं होतं. दुपारी योगेश ओशाळ्या तोंडाने म्हणाला, "मॅडमजी, निनाद भैया पूछ रहे थे आप चुप क्यों हो. मैंने बोल दिया, ट्रान्सफर की बात है. मुझे लगा उनको पता होगा…"

"कहाँ हैं वो?"

"भेंडोळं" — हा एक मराठी शब्द योगेशला येतो, निनादने शिकवलेला — "उठाया और चले गए. बोलकर भी नहीं गए."

येतो म्हणाला नव्हता.

तेवढ्यात मुख्य दाराचा स्क्रीन पिवळा झाला. मग पार्किंगचा. मग जिन्यांचा. आंधी. जयपूरची आंधी सांगून येत नाही, वाळवंट उठून दारात उभं राहतं. स्क्रीनवरचे गार्ड तोंडाला रुमाल बांधून धावले, मग दिसेनासे झाले. कुठेतरी मोर ओरडायला लागले, एक, मग कितीतरी. वीज गेली. सगळी भिंत विझली.

एक स्क्रीन सोडून.

सतरा. हळदीचा उजेड. खिडकीपाशी पाठमोरा निनाद, मी नको म्हणूनही वर गेलेला, दोन्ही हातांनी खिडकीचं दार ओढणारा. चौकटीचा वरचा भाग भिंतीतून सुटत होता. मला दिसत होता. त्याला नाही. त्याच्याकडे वॉकीटॉकी नव्हता, आणि तळघरातून फोन लागत नाही.

योगेश अंधारात टॉर्च शोधत होता. त्याची स्क्रीनकडे पाठ होती.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मी वर गेलेच नाही तर? चित्रात मीच नसेन तर 'जाते' म्हणणार कोण? इथेच बसून राहायचं, बघत राहायचं…

चौकट आणखी जराशी झुकली.

मी धावले. लिफ्ट बंद, जिन्यांत वाळू. एका वळणावर काहीतरी मानेवर पडलं, थंड हातासारखं. मी किंचाळलेच. केस होते. माझेच. अंबाडा सुटला होता.

पाय थबकला.

मग उचलला.


[ चित्र आहे, आवाज आहे ]

"निनाद! बाजूला हो! चौकट सुटतेय!"

तो एक पाऊल मागे सरला. वळला नाही.

"अकोला," तो म्हणाला. "मला योगेशने सांगायचं?"

"तू विचारलं नाहीस."

"मी वेडा. मी आईला सांगून बसलो."

"काय?"

"जे तुला सांगितलं नाही ते."

खिडकी धाडकन आपटली. मी पुढे गेले. त्याच्यासमोर उभी राहिले. त्याच्या भुवयांवर वाळू साचली होती.

"माझं आडनाव सांगितलंस?"

"तायडे. सोपं आहे. गेटवर अडकत नाही."

"मी तसं विचारत नाहीये."

"कळतंय तू कसं विचारतेस." त्याचा आवाज खाली आला. "सांगितलं. सगळं. आई बरेच दिवस बोलली नाही. मग काल चहा देताना म्हणाली, त्या मुलीला आपल्याकडचं गोड वरण चालेल का."

मला हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्हीच्या मध्ये दाताखाली वाळू आली. त्याने डावा हात उचलला, डोक्यावरून वळवला, उजवा कान खाजवला.

इथूनच. चित्र इथूनच सुरू झालं होतं.

तो : खरं ते सांग. मी रागावणार नाही.

मी : मला भीती वाटते, निनाद.

तो : मग… जातेस?

मी तोंड उघडलं. मोठं.

मी : राहते.

रा… ते. मधला ह ओठांवर कुठे दिसतो? कॅमेऱ्याला तर नाहीच. इतके दिवस मी माझ्याच तोंडातला शब्द चुकीचा वाचत होते.

त्याची मान खाली गेली. हसायला की रडायला, मला अजूनही सांगता येणार नाही. आणि तेवढ्यात चौकट निखळली. आम्ही दोघं दोन बाजूंना उडालो, ती मधल्या जागेत कोसळली, आणि सगळी आंधी एकदम आत आली. मी आंधळ्यासारखी मागे, मागे, मागे सरकत गेले. पाठ भिंतीला टेकली. तिथे वारा पोहोचत नव्हता.

धूळ विरत गेली. व्हरांड्याच्या मधोमध तो उभा होता. एकटा. डोळे चोळत इकडेतिकडे पाहत.

"मयूरी? … मयूरी! गेलीस?"

त्याचा आवाज मोरांसारखा फुटला. मी हे पाहिलं होतं. हेच. पण वरून. माझ्या डोक्यावरून—

मी मान वर केली.

डोक्यावर सतरा नंबर होता.

सगळ्या गार्डना शिकवते मी. भिंतीला टेकून कॅमेऱ्याखाली उभं राहिलं की माणूस गायब. आणि मी गेले असं मीच धरून चालले.

"इथे," मी म्हटलं. "कॅमेऱ्याखाली. ये."

"येतो," तो म्हणाला.

आणि आला. चित्राच्या खालच्या कडेतून.

त्याच्या शर्टाला वाळूचा आणि कढी-कचोरीचा वास होता. त्याने माझ्या केसांतली वाळू झटकायचा प्रयत्न केला, ती त्याच्याच हातावरून आणखी पडली. आम्ही हसत होतो, पण आवाज करत नव्हतो, चोरांसारखे.

"आणि बाबा?" त्याने कानाशी विचारलं.

"त्यांना मी स्वतः गाडीत बसवून देईन. ते 'येतो' म्हणतील. मग त्यांना यावंच लागेल." मी श्वास घेतला. "वरण जेवायला."

"तू मला खूप आवडतोस, मयूरी."

"आवडतेस."

"तेच."

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. योगेश. आवाज चिरकलेला.

"मॅडमजी! सत्रह चालू हो गया! अपने आप! बाकी सब बंद है… सिर्फ सत्रह…"

निनादने माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी वर पाहिलं. कॅमेऱ्याच्या मागे कुरतडलेल्या वायरचं टोक हवेत लोंबत होतं, मंद झुलत होतं. कशालाच जोडलेलं नव्हतं. कॅमेऱ्याचा छोटा लाल दिवा मात्र लागला होता.

त्याची बोटं माझ्या बोटांत घट्ट झाली, एवढंच.

"मॅडमजी, पूरा बरामदा दिख रहा है. खिड़की गिरी पड़ी है. पर… पर कोई है नहीं. आप कहाँ हो?"

मी बटण दाबलं.

"देखते रहो, योगेश," मी म्हटलं. "सत्रह में कोई नहीं है."